बाई कापली, सावली राहिली

चित्रात माणूस नसला तर मला तळंही खोटं वाटतं, झाडही. दुकानांच्या पाट्या रंगवत रंगवत मी भिंतीवर टांगायच्या विणलेल्या चित्रांपर्यंत पोचलो, कुणाच्या शिफारशीवर नाही. पण ही खोड सुटली नाही. भवानी पेठेतल्या एका कारखानदारासाठी तळं काढलं, तेव्हा अगदी पुढं, खालच्या कडेला, पाठमोरी बाई उभी केली. कमरेवर विड्यांची पाटी, एका अंगाला झुकलेली. मावळतीचं ऊन पाठीवर, म्हणून सावली तिच्यापुढं पार पाण्यापर्यंत गेलेली. माझी आई अशीच उभी राहायची. ती गेली तेव्हा घरात तिचा एक फोटोही नव्हता.

"ओ पेंटर, बाई कशाला? गिऱ्हाईक तळं बघून घेतंय, बाई बघून न्हाय," कारखानदार म्हणाला.

"बाई नाही तर तळंही नाही."

कडाक्याचं भांडण झालं. शेवटी बाई राहावी म्हणून मी आपणहून भाव उतरवला. तसं मी आधी कधी केलं नव्हतं, नंतरही नाही.

आमच्यात चित्र आधी चौकटीच्या कागदावर उतरवतात. कागदावरची एक ओळ म्हणजे मागावरचा एक धागा. लांबी वाचवायला या गृहस्थानं मला न विचारता खालच्या ओळी उडवल्या. त्यांत बाई गेली. सावली वरच्या ओळींत होती, ती तशीच विणली गेली.

काही दिवसांनी त्याचा फोन आला. आवाज उतरलेला. "घरी येऊन जावा की जरा."

भरदुपारी गेलो. कापड बैठकीत टांगलेलं. त्याची बायको उंबऱ्यातच थांबली, आत येईना.

"समोर उभं राहिलं की आपलीच सावली वाटते हो," ती म्हणाली. "पण आपण हललो तरी ती हलत नाही. अन् तिच्या कमरेवर पाटी आहे, माझ्या कुठंय?"

मी समोर उभा राहिलो. सावली खालच्या कडेतून, जणू माझ्याच पायांपासून निघून, पाण्याकडं गेली होती. ओल्या तंबाखूचा वास आला. त्या घरात विडी कुणी वळत नाही, ओढत नाही. मी विचारून घेतलं.

"तेवढी सावली काढून द्या. म्हणाल तो भाव," कारखानदार म्हणाला.

"सावली निघायची नाही. बाई परत घाला!"

"घालतो बाबा, घालतो. खालच्या ओळी तेवढ्या आणून द्या."

मी जिंकलो होतो. ते कापड काखोटीला मारून घरी आणलं, भिंतीवर टांगलं आणि ओळी काढायला समोर बसलो. पेन्सिल चालेना. बाई विणली की ती कापडात जाणार. आत्ता ती कडेच्या अलीकडं आहे, मी बसतो तिथं, माझ्या पाठीशी.

ओळी अजून दिलेल्या नाहीत. कारखानदार फोन करतो, मी शिव्या घालतो. त्याला माफी नाही. दिवस कलला की कापडासमोर बसतो. तंबाखूचा वास येतो.

मागं वळून बघत नाही.