डावीकडचा पाटा

लग्नानंतरची माझी पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. सासर चाळीसगावजवळचं, माहेर तिथून आठ कोसांवर. आमच्या खानदेशात आखाजीला लेक माहेरी आली नाही, तर आईच्या घशाखाली घास उतरत नाही. मला तर आठ दिवस आधीपासून झोपेतही लिंबावरचा झोका दिसायचा. भाकरी थापताना पाय जमिनीवर नसायचेच.

सणाच्या आदल्या सकाळी वडील भाजीपाला वाहायची पिकअप घेऊन मला न्यायला आले. मी पेटी घेऊन दारात, आणि सासरे आपले गाडीभोवती फेऱ्या मारतायत! तरुणपणी ट्रक चालवलेला माणूस, त्यात मुलखाचा हट्टी.

“गाडी डावा अंगले झुकेल शे,” ते म्हणाले. “मी पोरले या गाडीमा धाडाव नही.”

असा राग आला मला! डोळ्यांत पाणीच आलं. वडील म्हणाले, “आबा, तुमना अंगणलेच उतार शे.”

मग सासऱ्यांनी गाडी सपाट खळ्यावर घ्यायला लावली. दोन्हीकडच्या चाकांतली हवा बघितली. चाकाच्या वरच्या फटीला वीत लावली. उजवीकडे वीतभर आणि चार बोटं, डावीकडे नुसती वीत. तेव्हा धोतर खोचून ते गाडीखाली शिरले आणि आतून आवाज आला, “हाई दख, पाटा तुटेल शे.” चाकावर गाडीचा भार पेलणाऱ्या, एकावर एक बसवलेल्या लोखंडी पाट्यांपैकी दुसरा मधोमध तडकला होता.

झाली माझी आखाजी, म्हटलं.

पण सासऱ्यांनी बाभळीचा ठोकळा आणला आणि तुटल्या जागी दोरखंडाने आवळून बांधला. वडील म्हणाले, उजवीकडे दगडांचं पोतं टाकू. “दगड गचक्याले सरकी जास,” सासरे म्हणाले. “माणूस धरीसन बसस.” आणि स्वतःच मागे उजव्या कडेला चढून बसले. “चाल माय, तू बी इकडेच बस.”

आठ कोस आम्ही दोघं एकाच अंगाला, मी पदर ओढून, ते फळी धरून. गाडी बैलगाडीच्या चालीने चाललेली. उन्हात रस्ता पाण्यासारखा हलत होता, कुठूनसा लिंबाच्या मोहोराचा वास येत होता. मला गुंगी आली. मी गाडीत आहे की झोक्यावर, हेच कळेना.

वेशीतच पोरींची गाणी ऐकू आली. सासरे उतरले, तशी गाडी पुन्हा डावीकडे कलली. पाणी पिऊन ते लगेच एस.टी.साठी निघाले. जाताना वडिलांना म्हणाले, “पाटा धुळाथून मीच लई येसू. तवलग पोरले धाडू नका.”

पाटा यायला वीस दिवस लागले. वीस दिवस! रोज झोका, रोज आईच्या हातचा आमरस. धुळ्याच्या दुकानदाराला मी मनोमन किती दुवा दिला म्हणून सांगू!

सासरी परतले, तेव्हा सासूबाई पदराआड हसत होत्या. मी कारण विचारलं.

“पाटा तर तिसऱ्याच दिवशी आणेल व्हता,” त्या म्हणाल्या. “कोठीमांगे लपाडी ठेयेल व्हता त्यासनी.”