पट्टी मागे घे

बाळ झाल्यावर नौपाड्यातल्या आमच्या घरी येणारा प्रत्येक पाहुणा विचारायचा, "मग आता धावणं बंद ना?" विचारण्याचा सूर असा, की मी एखादं व्यसनच सोडणार होते. मी हसून "नाही" म्हणायचे आणि चहा पुढे करायचे. भारताकडून चार बाय शंभर मीटर रिले धावलेली बाई मी. बाळंतपणात माझी झोप गेली होती, पाय जागेवर होते. सासूबाईंना हे न सांगता कळलं. बाळाला कडेवर घेऊन म्हणाल्या, "जा तू. इथे बसून माझं डोकं खाण्यापेक्षा तिथे धाव."

धावले. ठाण्यातल्या ट्रॅकवर जुना वेग परत आला आणि संघात निवडही झाली. पण लोकांची नजर काही केल्या बदलेना. बॅग मी उचलायच्या आत दुसरीच कोणीतरी उचलायची. आमचे कोच सर दर फेरीनंतर विचारायचे, "दमलीस का?" धड राग काढावा असंही कोणी काही बोलत नव्हतं, त्यामुळे माझा संताप आणखी वाढायचा.

रिलेत तिसरा टप्पा माझा आणि शेवटचा शहाडच्या एका मुलीचा. वयानं बरीच लहान, तोंडानं फटकळ, पायानं वाऱ्यासारखी. बॅटन घेणारी मुलगी ट्रॅकवर आपल्या मागे काही अंतरावर एक चिकटपट्टी लावते. मागून येणारीनं ती ओलांडली, की हिनं पुढे बघून जीव खाऊन सुटायचं. पट्टी जितकी मागे, तितकी ती लवकर सुटते आणि मागचीला तिला गाठायला तितकंच जोरात यावं लागतं. परदेशातल्या एका स्पर्धेत, पहिल्या फेरीत, या पोरीनं माझ्यासाठी पट्टी अगदी जवळ लावली. ती उशिरा सुटली, मी जवळजवळ तिच्या पाठीवर आदळले आणि आम्ही कसंबसं फायनलला पोचलो. सर म्हणाले, "उद्या बॅटनचा बदल नीट झाला नाही, तर पुढच्या संघात तुझ्या जागी दुसरी मुलगी घेईन." चूक कोणाची हे त्यांनी विचारलं नाही. बाळंतीण मी होते ना.

दुसऱ्या दिवशी फायनलच्या आधी पोरगी पट्टी लावायला पुन्हा तिथेच वाकली.

"मागे घे," मी म्हटलं.

"ताई, रिस्क कशाला? तू पोचली नाहीस तर?"

"पोचेन. मागे घे."

तिनं थोडी मागे घेतली. मी पायानंच आणखी मागची जागा दाखवली.

"बघ हां," ती म्हणाली. "मी थांबणार नाही."

"थांबलीस तर मार खाशील."

शर्यतीत मी वळणावरून आले आणि पट्टी ओलांडली, तशी ती सुटली. खरंच सुटली. तिची पाठ लांब जायला लागली आणि मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू. बदलाची हद्द संपत आली होती. त्या रेषेपलीकडे बॅटन दिलं असतं तर आम्ही चौघीही बाद. ती जराशी जरी रेंगाळली असती, तरी मला सोपं झालं असतं. ती रेंगाळली नाही. मी होतं नव्हतं ते सगळं पायात ओतलं आणि ओरडले, "हँड!"

हात मागे आला, तळवा उघडा, जराही न हलता. मी त्यात बॅटन ठेवलं आणि ती गेली.

आम्ही तिसऱ्या आलो. सर धावत आले, कोणीतरी तिरंगा आणला, पण मी अजून माझ्या लेनमध्येच उभी राहून रडत होते. पदकाचा आनंद होताच. पण बाळ झाल्यापासून मी मागे राहिले का, हे वळून न बघणारी ती पहिलीच होती.