कोंबडी हलत नव्हती

“मॅडम, तुम्ही फक्त तिले एवढं सांगा का कॅमेऱ्यात काही नाही,” विनोद मला दाराबाहेरच म्हणाला. “माह्यं ऐकत नाही. तुम्ही मशीनवाल्या, तुमचं ऐकन.”

पुसदला माझं सीसीटीव्हीचं दुकान आहे. दुरुस्ती, सर्व्हिस, नवीन फिटिंग, सगळं मी स्वतः करते. विनोदचं गाव फुलसावंगीच्या पलीकडं. त्याच्याकडचे कॅमेरे दुसऱ्याच कुणी तरी बसवले होते. मला बोलावलं होतं ते कॅमेरा चांगला आहे एवढं सांगायला.

विनोदची बायको सविता आतल्या खोलीत बसली होती. पोटुशी होती, पण पोट सोडलं तर अंगावर मांसच नव्हतं. मांडीजवळ विळा. दंडाला काळा दोरा, कपाळाला अंगारा. मी तिला विचारलं, काय होतं?

ती हळू बोलली. “कापूस वेचायले सगळे वावरात जातात. मी एकटी राह्यतो. काम आवरून आंघोळीले गेली का पत्र्याच्या पलीकडं कोणीतरी येते. पाय नाही वाजत. पण श्वास ऐकू येते मले.”

परसात चार पत्रे उभे करून नहाणी केलेली होती. सविताच्या सांगण्यावरून विनोदनं परसात कॅमेरा लावला. त्यात कुणीच दिसलं नाही. मग घरात ठरलं, की हिच्या डोक्यातच काहीतरी आहे.

“गरवारपनात होते असं,” सासूबाई चुलीजवळून म्हणाल्या. “पाहू, नाही तर माहेरी धाडू. लेकरू झालं का लेकरू घेऊन येऊ.”

फक्त लेकरू. सवितानं ते ऐकलं आणि विळा जरा जवळ ओढला.

मी डीव्हीआरसमोर बसले. डीव्हीआर म्हणजे रेकॉर्डिंग साठवणारा डबा. आदल्या दिवशीचं परसाचं रेकॉर्डिंग लावलं आणि फास्ट केलं. फास्ट केलं की सगळं थरथरतं. पानं, दोरीवरची लुगडी, कोंबड्या. सविता बादली घेऊन नहाणीत गेली. कुणी आलं नाही. कुणी गेलं नाही.

विनोद म्हणाला, “पाहा. काही आहे काय?”

मला काहीतरी खटकत होतं, पण काय ते कळेना. मागं घेतलं, पुन्हा पाहिलं. तेव्हा लक्ष कोंबडीकडं गेलं. तिनं एक पाय उचललेला होता, चोच अर्धी खाली. चित्राखालचं घड्याळ पळत होतं आणि कोंबडी तशीच उभी. लुगडं वाऱ्यानं फुगलेलं, तेही तसंच. मग एकदम चित्रानं उडी मारली. कोंबडी गायब. शेवग्याची सावली भिंतीवरून सरकून थेट धुण्याच्या दगडावर आलेली.

मी चित्र तिथंच थांबवलं.

याला आम्ही फ्रीझ म्हणतो. चित्र गोठतं. त्या स्वस्त डीव्हीआरला एक खोड होती. कॅमेऱ्याची वायर मध्येच सुटली, तर ‘सिग्नल नाही’ असं दाखवायचं सोडून तो शेवटचं चित्र धरून बसायचा. घड्याळ डब्याचं स्वतःचं, म्हणून ते चालू राहायचं. बघणाऱ्याला वाटतं, परस शांत आहे.

फ्रीझ बिघाडानंही होतो. व्होल्टेज पडतं, वायर ढिली होते, उंदीर कुरतडतात. पण बिघाडाला वेळकाळ नसतो. मी एकेक दिवस उघडत गेले. सविता नहाणीत गेली की थोड्या वेळानं चित्र गोठायचं. आठवडी बाजारादिवशी सगळे घरीच होते, त्या दिवशी एकदाही नाही. समोरच्या दाराचा कॅमेरा विजेच्या त्याच लाइनवर, तो मात्र रोज ठणठणीत.

उंदराला बाजाराचा दिवस कळत नाही.

वायर कुठून जाते ते पाहायला गच्चीवर चढले. परसातल्या कॅमेऱ्याची वायर गच्चीच्या कठड्यावरून गेली होती आणि तिथं एका प्लास्टिकच्या डबीत तिचा जॉइंट होता. कठडा शेजारच्या गच्चीला लागून. डबीवर बोटभर धूळ, पण तिच्यावरची काळी टेप नवी कोरी. टेप सोडवली. आतली पिन घासून घासून चकचकीत झालेली.

“काय पाहून राह्यल्या मॅडम?”

आवाज इतका जवळून आला की हातातला स्क्रूड्रायव्हर खाली पडला. शेजारच्या गच्चीवर एक माणूस उभा होता. बनियान, गळ्यात गमछा, तोंडात तंबाखूचा खर्रा. हात लांब केला असता तर मला लागला असता. तो चढून आल्याचा आवाज मला आलाच नव्हता.

“उंदरानं वायर खाल्ली का पाहते,” मी म्हटलं.

“लय उंदरं आहेत इथं.” तो हसला. “सांभाळून उतरा. पाय घसरला त नाव आमचं होईन.”

मी उतरत होते तोवर तो वरून पाहत होता.

खाली आल्यावर विनोदला विचारलं. तो माणूस सुधाकर, विनोदचा चुलतभाऊ. भिंतीला भिंत लागून घर. “कॅमेरे बसवले तव्हा शिडी धरायले तोच होता,” विनोद म्हणाला.

मी त्याला रेकॉर्डिंग दाखवलं आणि गच्चीवरच्या पिनेचं सांगितलं. कोंबडीचा तुकडा त्यानं पुन्हा लावायला सांगितला. मग म्हणाला, “भाऊ आहे माह्या तो. आमी एका ताटात जेवलो.”

“मग उद्या आपणच पाहू,” मी म्हटलं. “पण सविताला एकटी ठेवायची नाही.”

जाण्याआधी गच्चीच्या जिन्यातल्या झरोक्यात मी एक छोटा कॅमेरा ठेवला. बॅटरीवर चालणारा, आत मेमरी कार्ड. तोंड त्या डबीकडं.

दुसऱ्या दिवशी सासूबाई वावरात गेल्या. विनोदही गाडी घेऊन सगळ्यांदेखत निघाला आणि पांदणीनं, शेतातल्या वाटेनं, चालत मागं आला. मला त्यानं आडवाटेनं घरात घेतलं. तो परसाच्या दाराआड बसला, मी आणि सविता स्क्रीनसमोर. सवितानं नेहमीसारखी बादली आपटली, नहाणीतला नळ सोडला आणि दोरीवरच्या लुगड्यांआडून गुपचूप घरात आली. परसाच्या दाराला कडी घातली नाही, नुसतं लोटलं.

नळ वाजत होता. स्क्रीनवर कोंबड्या फिरत होत्या. एक मातीत चोच मारत होती. मारली, वर केली. मारली, वर केली.

मग ती थांबली. चोच मातीतच.

सवितानं माझं मनगट धरलं. लुगडं थांबलं होतं. फांद्या थांबल्या होत्या. घड्याळ चालू होतं. मी कितीतरी वर्षं स्क्रीन पाहत आले, पण आपण पाहतोय ते खोटं आहे आणि खरं दाराच्या पलीकडं घडतंय, हे असं कधी अनुभवलं नव्हतं. स्क्रीनवर परस रिकामं होतं. आणि भिंतीवरून कुणीतरी परसात उतरल्याचा मऊ आवाज मी कानांनी ऐकला.

सविताची नखं रुतली. ती कुजबुजली, “आला.”

विनोदनं दार ढकललं. सुधाकर नहाणीच्या पत्र्याला डोळा लावून वाकलेला होता. तो वळला.

“कोंबडी आलती इकडं, ते शोधून राह्यलो,” सुधाकर म्हणाला.

विनोदनं त्याची मान धरली तेव्हा मी मध्ये पडले. मारामारी झाली असती तर गोष्ट भलतीकडंच गेली असती.

सासूबाईंना वावरातून बोलावलं. त्या मटकन बसल्या. मग म्हणाल्या, “घरातलं घरात ठेवा. चार लोकायत शोभा नको.”

सविता उठली. दंडाचा दोरा तिनं दातानं तोडला. “मी ठाण्यात चालली,” ती म्हणाली. “कोणाले यायचं त या.”

विनोद तिच्यामागून गेला. मीही गेले.

पोलिस ठाण्यातल्या साहेबांना आधी पटेना. “कोंबडी उभी राह्यली, हा पुरावा म्हणता तुम्ही?” मी त्यांना दोन्ही रेकॉर्डिंग शेजारी शेजारी लावून दाखवली. एकीकडं गोठलेलं परस. दुसरीकडं, झरोक्यातल्या कॅमेऱ्यात, तीच वेळ आणि डबीतली पिन ओढणारा सुधाकर, चेहऱ्यासकट. साहेब हसायचे थांबले. त्यांनी डीव्हीआर पंचनाम्यात घेतला आणि माझा जबाब लिहून घेतला.

केस चालू आहे. सुधाकर जामिनावर सुटला, पण पंचांच्या बैठकीनंतर गाव सोडून सासुरवाडीला राहतो. विनोदनं पक्की नहाणी बांधली, आतून कडीची. सविताला मुलगी झाली. सासूबाई तिला मांडीवरून खाली ठेवत नाहीत, पण सविताशी अजून मोजकंच बोलतात. कोर्टातल्या जबाबाच्या तारखेला भेटले तेव्हा सविता म्हणाली, “ताई, आता कोणी येत नाही. तरी नळ बंद करून ऐकतो मी.” त्यावर माझ्याकडं दुरुस्ती नाही.

कामात एक फरक पडला. त्या घरात कॅमेऱ्याचं ॲप फक्त विनोदच्या मोबाइलमध्ये होतं. जिच्यासाठी कॅमेरा लावला, तिनं रेकॉर्डिंग एकदाही पाहिलेलं नव्हतं. पाहिलं असतं, तर आपलं परस कधी हलायचं थांबतं हे तिला माझ्याआधी कळलं असतं. आता मी कुठंही फिटिंग केली, की ॲप आणि पासवर्ड आधी दिवसभर घरात राहणाऱ्या माणसाला देते.

एखाद्या घरात विचारतात, “तिले कायले पायजे?”

त्या घरात मी जरा जास्त वेळ थांबते.