करवतीचं गार्ड मी बांधणार नाही

मंडळी, आज बारामतीत एका बांधकामावर माझं ठेकेदाराशी चांगलंच वाजलं. मी सुतारकाम करते. तो म्हणाला, "कटर मशीनच्या पात्यावरचं गार्ड तारेनं वर बांधा, काम पटापट उरकंल."

"न्हाय बांधणार."

"भिताय व्हय, बाई?"

"व्हय, भिते. माझ्या वडलांनी बांधलं होतं."

नव्वदच्या दशकात, अंथुर्णे गावात, फळी कापून मशीन खाली घेताना गार्डचं झाकण वर बांधल्यानं उघडं राहिलेलं फिरतं पातं त्यांच्या मांडीत घुसलं. जीव वाचला, पण परत कधी त्यांना मांडी घालून जेवता आलं नाही.

"मग मी दुसरा सुतार बघतो," ठेकेदार म्हणाला.

"बघा की!" मी प्लग काढला, माझं मशीन उचललं आणि निघून आले.

काम गेलं, पण धडधाकट घरी आले. तुम्ही काय केलं असतं?