भरलेलं तळं सोडायचं कसं

आमच्या घरात तहान लागली तरी लगेच पाणी प्यायला मिळायचं नाही. आई विहिरीवरून घागर आणायची, तीत तुरटी फिरवायची आणि दम द्यायची, कुणी हलवायचं नाही. डोंगराला दगडाची खाण आणि खडीचा क्रशर, खाली उतारावर आमची वस्ती आणि वस्तीची विहीर. पाऊस झाला की दगडाची भुकटी ओढ्यानं उतरून थेट विहिरीत. पाणी राख कालवल्यासारखं व्हायचं. आई आणि माझे वडील, आबा, त्याच खाणीत दगड फोडायचे, मग तक्रार करायची कुणाकडं? आई वरचं नितळ पाणी हळूच ओतून घ्यायची आणि तळाचा गाळ अंगणात फेकायची. तेवढी जागा वाळून सिमेंटसारखी कडक झाली होती.

आमचं गाव साताऱ्याच्या पूर्वेला, माणदेशात. महाबळेश्वरात ढग फुटतात तेव्हा आमच्याकडं नुसता वारा असतो. आमचा भरवसा परतीच्या पावसावर, आणि तो आला तर दुपारचा, एकदम धिंगाणा घालत येतो.

मी इंजिनिअर झाले. घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिलीच, आणि हे मी मान वर करून सांगते. सांगलीत शिकले, तिथंच नोकरीला लागले. खाण चालवायची तर पावसाचं पाणी अडवायची सोय दाखवावी लागते, तसली कामं आमच्या ऑफिसात यायची. एकदा आमच्याच गावच्या खाणीचं काम आलं. साहेबांनी विचारायच्या आत मी म्हणाले, हे मला द्या.

मी डोंगराच्या अंगानं चर आखला, म्हणजे वरचं स्वच्छ पाणी खाणीत न शिरता बाजूनं निघून जावं. क्रशरच्या खाली तळं बांधलं. खाणीतलं गढूळ पाणी त्यात येणार, थांबणार, भुकटी खाली बसणार. आईची घागरच ती, फक्त मोठी. तळ्याला पाइप आणि व्हॉल्व्ह. गाळ बसला की वरचं निवळलेलं पाणी ओढ्याला सोडायचं आणि तळं पुढच्या पावसासाठी मोकळं ठेवायचं. भरलेलं तळं नव्या पावसाला जागा कुठून देणार? नवं गढूळ पाणी न थांबताच काठावरून ओढ्यात आणि विहिरीत जाणार. व्हॉल्व्ह उघडायचं चाक काढून ठेवता यायचं, ते कुणाकडं ठेवायचं हाही प्रश्न नव्हता. आबा आता खाणीवर वॉचमन होते.

पहिल्याच जोराच्या पावसात तळं काठोकाठ भरलं. आबांचा फोन आला, सुट्टी काढून ये. मला वाटलं काही फुटलं. जाऊन बघते तर काठावर सगळी वस्ती. बायका नव्या साड्या नेसून आलेल्या, खाणीचा मालक टोपी घालून उभा. आमच्याकडं तळं भरलं की पाण्याची ओटी भरतात. ताट माझ्या हातात दिलं, कारण तळं माझं. आबा येईल त्याला सांगत होते, माझ्या पोरीनं बांधलं.

मी खण-नारळ पाण्यात सोडला आणि तिथंच म्हणाले, आता दोन-तीन दिवसांत हे पाणी सोडायला लागंल. आधी सगळे हसले. मग ही थट्टा नाही हे त्यांना कळलं. माझी चुलती म्हणाली, “अगं बया, भरलेली ओटी कुणी उपसतं व्हय? कालिजात हेच शिकवलं का तुला?”

मी समजावलं. काठीनं मातीत रेघा ओढून दाखवल्या. मालक म्हणाला, बाई, तुमचं बरोबर असंल, पण लोकांच्या तोंडचं पाणी मी सोडलं असं माझ्या नावावर नको. गुरं तर आत्ताच काठावर पाणी पीत होती. माझं गणित बरोबर होतं. ते ऐकायला तिथं कुणी नव्हतं, एवढंच.

परतीचा पाऊस आला तेव्हा मी सांगलीत ऑफिसात होते. बाहेर लख्ख ऊन. आबांनी फोन करून आनंदानं सांगितलं, लय जोर हाय. मी विचारलं, चाक कुठंय? म्हणाले, घरात, दाण्याच्या कणगीत ठेवलंय, कुणी पाणी सोडू नये म्हणून.

“आबा, आत्ता जावा आणि व्हॉल्व्ह उघडा. नाहीतर विहीर गढूळ होईल.”

पलीकडून पत्र्यावरच्या पावसाचा आवाज येत होता. ते म्हणाले, “सारा जलम पान्याची वाट बघितली, पोरी. माझ्या हातानं न्हाई सुटायचं.”

फोन बंद झाला. मी पुन्हा पुन्हा लावत राहिले. खिडकीतून रस्त्यावर उन्हात फिरणारी माणसं दिसत होती. तळं किती वेळात काठावरून वाहणार हे मला माहीत होतं, मीच काढलेलं होतं ते. त्याचा उपयोग शून्य.

शनिवारी घरी गेले. आईनं घागर भरून ठेवली होती, वर तुरटी. आबा दाराशी बसले होते. मी आत येताना त्यांनी कणगीतलं चाक काढून माझ्यासमोर ठेवलं.

विहीर राखेसारखी झालेली बघून वस्तीनं क्रशरचे ट्रक अडवले, म्हणून मालक पुन्हा आमच्या ऑफिसात आला. या वेळी मी व्हॉल्व्ह ठेवलाच नाही. तळं आणखी खोल करायला लावलं आणि एका बाजूचा वरचा अर्धा भाग नुसत्या दगड-खडीचा रचला. अर्ध्याच्या वर आलेलं पाणी त्यातून गाळलं जाऊन आपोआप झिरपून जाणार, कुणी हात लावायची गरज नाही. खालचं अर्धं गुरांना राहणार.

काम बघायला आबा आले. भिंतीच्या कडेनं चालत गेले, वाकून बघितलं.

“ह्याला चाक कुठाय?”

“न्हाई ठेवलं.”

“बरं केलंस,” म्हणाले आणि गेटवर जाऊन बसले.

पुढच्या परतीच्या पावसात तळं अर्धंच राहिलं. त्या साली ओटी कुणी भरली नाही. विहिरीचं पाणी स्वच्छ राहिलं, आणि आईनं ते घागरीतून सरळ तांब्यात ओतून मला प्यायला दिलं.