पाढ्यांची सीडी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी बोलायच्या आधीच सगळं कळतं. तुम्हालाच का सांगतोय? असू दे. सांगतो.

सोलापुरात माझ्यासारखा हात कुणाचा नव्हता, हे मात्र आजही छाती ठोकून सांगतो. घरोघरी कॉम्प्युटर यायला लागले तो काळ. शहरातल्या पूर्व भागातल्या विणकरांच्या घरांपासून पार मंद्रूपपर्यंत — मशीन कुणीही घेवो, चालू करून द्यायला मीच. गिऱ्हाईक खुर्ची पुढं सरकवून एकच म्हणायचं, "अनिलभाऊ, सगळं टाकून द्या की." भाजीवर कोथिंबीर मागतात तसं! आणि मी टाकायचो — टायपिंगचं, फोटोंचं, खेळांचं, सगळं कुलूप तोडलेलं. ही विकत घ्यायची वस्तू आहे, असं ना त्यांना वाटायचं ना मला. कंपन्या कुठंतरी लांब परदेशात. त्यांचं काय वाकडं होणार होतं? खरं सांगू? त्याचं मला आजही फारसं काही वाटत नाही.

पण बिराजदार सर आमच्या मागच्याच गल्लीत राहायचे.

सरांनी मला शाळेत गणित शिकवलेलं. निवृत्त झाल्यावर ते चष्मा सावरत प्रोग्रॅमिंग शिकले आणि पोरांसाठी पाढ्यांची सीडी केली. आवाज काकूंचा, म्हणजे सरांच्या बायकोचा. उत्तर बरोबर आलं की पडद्यावरचा पतंग वर चढायचा. चुकलं की काकू म्हणायच्या, "परत बघ बाळा, घाई न्हाय." एक सीडी माझ्या हातात देऊन सर म्हणाले, "तुझी घरोघर ये-जा असते. चार ठिकाणी दाखव. आवडली तर लोक माझ्याकडून नेतील."

कुलूपही सरांनी स्वतःच्या डोक्यानं केलेलं. दर वेळी सुरू करताना सोबतच्या पुस्तिकेतला एक शब्द विचारायचं — आज या पानावरचा, उद्या त्या. मी एका दुपारात ते उडवलं. काय ताठलो होतो सांगू! साक्षात सरांचं गणित सोडवलं होतं ना! मग टाकतच सुटलो. आमच्या आजूबाजूच्या गल्ल्या तेवढ्या सोडल्या, बाकी घर म्हणून ठेवलं नाही. सीडी लावली की पडद्यावर आधी सरांचं नाव आणि पत्ता यायचा. तो काढला, तिथं माझ्या दुकानाचं नाव घातलं. कशासाठी? बिंग फुटू नये म्हणून — एवढंच? नाही हो. कौतुक मला हवं होतं. मिळालंही, लई मिळालं. "अनिलभाऊंच्या पाढ्यांनी पोरगी सुधारली" असं कुणी म्हटलं की मी दिवसभर हवेत असायचो.

वर्षभरानं सरांनी मला घरी बोलावलं. पावकी-निमकीचा दुसरा भाग करायचं त्यांच्या मनात होतं. काकूंनी चहा आणला आणि तिथंच दाराशी उभ्या राहिल्या.

"खरं सांग अनिल," सर म्हणाले. "एकही माणूस विचारायला आला नाही. आवडलं नाही का कुणाला?"

"माझा आवाजच बरा नसंल," काकू म्हणाल्या.

त्या घडीला किती घरांत पोरं तो आवाज ऐकत पाढे म्हणत होती — हे मला ठाऊक होतं. मला एकट्याला.

"न्हाय सर," मी म्हणालो. "पोरांना कंटाळा येतो. कुणीच लावत न्हाय."

काकू आत गेल्या. दुसरा भाग झालाच नाही.

घाबरून बोललो असं म्हणू? तसं नव्हतं. दुसरा भाग सरांच्या नावानं आला असता, तर पहिला कुणाचा ते गावाला कळलं असतं. माझी मान खाली गेली असती. दोघांनी जीव ओतून केलेलं काम फुकट गेलं असं त्यांना वाटलं, ते मला चाललं. माझी मान तेवढी मी वर ठेवली.

सर दारापर्यंत सोडायला आले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बरं झालं बोललास. बाकीचे तोंडदेखलं गोड बोलले असते."

सर अजून आहेत, काकूही आहेत. कुणाला माझी ओळख करून द्यायची झाली की सर अभिमानानं सांगतात, "हा आमचा अनिल. आमच्याशी खरं बोलला तो हा एकटा."

मी समोरच्याला नमस्कार करतो.