पेंग्विन बघताना अंड्यांवर बसलो त्याचा हिशेब

गेल्या जानेवारीतला दुसरा रविवार, दुपारचे चार. टीव्हीवरच्या माहितीपटांची एका महिन्याची वर्गणी एकशे एकोणपन्नास रुपये. हजर माणसं पाच: मी, बायको, पाचवीतली मुलगी, आई आणि शेजारच्या वहिनी. शिवाय एक खुडूक कोंबडी.

वर्गणी मुलीच्या हट्टासाठी भरली होती. बर्फातल्या पेंग्विनांचा माहितीपट तिला आजीबरोबर बघायचा होता. आई मात्र परसातून हलेना. वडूजकडचं घर बंद करून ती कोरेगावला आमच्याकडे राहायला आली, तेव्हा सामानात ही कोंबडी होती. परसात घाण नको म्हणून मी अट घातली होती की या खेपेला पिल्लं निघाली तर कोंबडी राहील, नाहीतर परत गावी जाईल. आई वाद न घालता कामाला लागली. अंडी वहिनींची, कोंबडी आईची, पिल्लं निम्मी निम्मी. याला आमच्याकडे अर्धलीनं बसवणं म्हणतात. अंडी अकरा, आणि त्या रविवारी एकोणिसावा दिवस होता. एकविसाव्याला पिल्लं निघतात.

"तुमी बघा. मांजर टपून बसलंय, मला जमायचं न्हाई," आई म्हणाली.

मग मीच तोडगा काढला. कोंबडीसकट दुरडी उचलून बाहेरच्या खोलीत आणली आणि टीव्हीच्या बाजूला ठेवली. आईनं नको म्हटलं होतं. हे नोंदवणं भाग आहे.

सुरुवातीला सगळं छान चाललं. पडद्यावर पेंग्विनच्या मादीनं एक अंडं घातलं, नराच्या पायांवर सरकवलं आणि समुद्राकडे निघून गेली. नर दोन महिने उपाशी उभा राहणार, असं निवेदकानं सांगितलं.

"म्हंजे अर्धलच की," आई म्हणाली. वहिनींना ते फार पटलं. आमचे हे दोन तास पोरगं सांभाळत न्हाईत, असं त्या म्हणाल्या आणि बायकोनं माझ्याकडे पाहिलं.

वादळ सुरू झालं तेव्हा मी आवाज अठरावरून सव्वीसवर नेला. नेमका त्याच वेळी एक मोठा पक्षी पिल्लांवर झेपावला आणि किंचाळला. कोंबडीला घार आल्यासारखं वाटलं असावं. ती टीव्हीवर, तिथून खिडकीत आणि खिडकीतून परसातल्या पेरूवर गेली.

दुरडीतली अकरा अंडी उघडी पडली. दिवस थंडीचे. बायकोनं दिव्याखाली ठेवू म्हटलं, पण वीजबिल कमी व्हावं म्हणून घरातले सगळे दिवे मीच बदलले होते. त्यातला एकही तापत नाही.

आई ओरडली नाही. तिनं शाल माझ्या अंगावर टाकली.

"आवाज तू वाढीवलास न्हवं? बस आता."

मी मांडी घालून बसलो. तिनं एकेक अंडं माझ्या मांडीत ठेवलं, वरून शाल आणि त्यावर घोंगडी घातली, आणि पेरूखाली गेली. वहिनी माझ्यासमोर ठाण मांडून बसल्या. "हालू नगा भावजी. निम्मी माझी हायती." मुलगी कधी पडद्यावरच्या बापाकडे बघे, कधी माझ्याकडे. अंडी कोमट होती. एकात काहीतरी टोचल्यासारखं हाललं तेव्हा मी श्वास रोखला. आपण घातलेली अट आपल्याच मांडीत आहे, हे तेव्हा कळलं. पायाला मुंग्या आल्या तरी मी पाय बदलला नाही.

बाहेरून आईचा आवाज आला, "आली का त्याची बायकू?"

"अजून न्हाई, आजी," मुलगी म्हणाली.

पडद्यावरची मादी आली, पोरांना चारून झालं, नावं येऊन संपली, तरी आमची कोंबडी झाडावरच. शेवटी वहिनींनी बाजरीचे दाणे दाखवून तिला खाली घेतलं. परसातल्या कोपऱ्यात, पोत्याच्या आडोशाला अंडी ठेवली. ती दोनदा उठली, तिसऱ्यांदा पिसं फुलवून बसली. मी बसलो तो वेळ अठ्ठेचाळीस मिनिटं.

मंगळवारी सकाळी पहिलं अंडं फुटलं. संध्याकाळपर्यंत नऊ पिल्लं निघाली. दोन अंडी गेली. वाटणीला दोघी पायरीवर बसल्या, मी उभा होतो. चार वहिनींकडे गेली, चार आईकडे. नवव्यावर मला वाटलं आता बोलाबोली होणार. मी तोडगा सुचवायला तोंड उघडलं, तर आई म्हणाली, तू गप.

"आवं आत्ती, तुमच्या कोंबडीबरोबर भावजी बी बसलेत की," वहिनी म्हणाल्या.

"बसलाय खरा," आई म्हणाली, आणि अटीबद्दल एक शब्द न काढता माझ्याकडे बघत राहिली. कोंबडी इथंच राहू दे, असं मी सांगितलं.

तेव्हा अंतिम वाटप असं: वहिनींना चार, आईला चार, आणि काळ्या पाठीचं एक पिल्लू मला, बसल्याबद्दल.